इंदापूरचा पेपर : जगाचा ‘अपरिचित’ इतिहास आणि तो तपासण्याची आपली रीत

मंडळी, विषयाचं नाव जरा लांबलंय, पण मुद्दा साधा आहे. आज आम्ही उत्तरांवर बोलणार नाही, प्रश्नांवर बोलणार आहोत. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर शुक्रवारी दुपारीच होते. प्रश्नपत्रिकेची समीक्षा मात्र कुणी करत नाही. ‘पेपर सोपा होता’, ‘पेपर फिरवून काढला होता’, एवढ्यावर आपलं भागतं. आणि खरं बघायला गेलं तर इंदापूर-बारामतीच्या अभ्यासिकांत सकाळी सहाला येऊन खुर्ची धरणारी मुलं-मुली आयुष्यात सगळ्यात बारकाईनं काय वाचत असतील, तर ते म्हणजे जुने पेपर. पाच-पाच, सात-सात वर्षं वाचतात. एवढ्या श्रद्धेनं वाचल्या जाणाऱ्या साहित्यावर टीका व्हायलाच हवी, नाही का?

त्यातला एकच धागा आज घेतलाय. जगाचा इतिहास, आणि त्यातही ज्याला ‘कमी माहीत असलेला’ म्हणतात तो. हल्ली याला फार मागणी आहे. प्रश्नमंजूषा त्यावरच चालतात. जगातलं सगळ्यात छोटं युद्ध किती मिनिटं चाललं? कोणत्या देशानं पक्ष्यांविरुद्ध लष्कर पाठवलं? असले प्रश्न. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, उत्तर देणाऱ्याची कॉलर ताठ होते.

पहिला प्रश्न घ्या. छोटं युद्ध म्हणजे झांझिबारचं, २७ ऑगस्ट १८९६. उत्तर आहे सुमारे अडतीस मिनिटं, काही ठिकाणी पंचेचाळीसही सांगतात. मुलानं ‘अडतीस’ लिहिलं, गुण मिळाला, पुढचा प्रश्न. पण त्या सकाळी झालं काय? सुलतान हमद बिन थुवैनी दोन दिवसांपूर्वी वारला. त्याचा चुलतभाऊ खालिद बिन बरघश राजवाड्यात जाऊन बसला. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय तिथं कुणाला गादीवर बसता येत नव्हतं. नऊ वाजेपर्यंत वाडा सोडा, असा निरोप गेला. वाडा सोडला नाही, तेव्हा बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकांनी तोफा डागल्या. झांझिबारच्या बाजूची सुमारे पाचशे माणसं मेली किंवा जखमी झाली. ब्रिटिशांचा एक खलाशी जखमी झाला. खालिद जर्मन वकिलातीत पळाला आणि जर्मनांनी त्याला पुढं आपल्या ताब्यातल्या मुलखात नेलं.

आता आम्हाला सांगा, ही गोष्ट आपल्याला परकी वाटते का? गादीवर कोण बसणार हे कंपनीच्या संमतीनं ठरायचं, दत्तक नामंजूर व्हायचा आणि राज्य खालसा व्हायचं, हे आपण १८४८ साली साताऱ्याला पाहिलेलं आहे. ज्या मुलाला सातारा कळला त्याला झांझिबार दहा मिनिटांत कळेल. पण प्रश्नानं विचारलं काय, तर मिनिटं. घड्याळातली. पाचशे माणसं उत्तराच्या बाहेरच राहिली. आमचा आक्षेप गमतीला नाही. हा प्रश्न गंमत तेवढी उचलतो आणि घटना तिथंच टाकून देतो, हे आम्हाला खटकतं.

पक्ष्यांच्या युद्धाचं तर याहून वाईट झालंय. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅम्पियन भागात इमू नावाच्या मोठ्या पक्ष्यांचे कळप गव्हाच्या शेतात घुसले. मेजर मेरेडिथ दोन लुईस मशीनगन आणि दहा हजार काडतुसं घेऊन गेला, आणि इमूंनी त्याला दाद दिली नाही. हसायला ठीक आहे. पण तिथं शेती करत कोण होतं? पहिल्या महायुद्धातून परत आलेले शिपाई. सरकारनं त्यांना कोरडवाहू, कडेकडेच्या जमिनी दिल्या. मग मंदी आली. सरकार म्हणालं गहू जास्त पेरा, भावाची हमी देतो. त्यांनी पेरला. भाव कोसळला, हमीचे पैसे काही आले नाहीत. आणि त्या उभ्या पिकात इमू शिरले. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही पारावर ही गोष्ट सांगून बघा. पक्ष्यावर कुणी थांबणार नाही, सगळे भावाच्या हमीवर येतील. आमच्या मते इतिहासाची खरी परीक्षा तिथं सुरू होते. प्रश्नमंजूषेत मात्र उत्तर असतं ‘इमू’, आणि टाळ्या.

हे झालं करमणुकीचं. आता शाळेकडे या. दहावीचं आपल्या राज्य मंडळाचं इतिहासाचं पुस्तक २०१८ साली बदललं. आम्हाला ते पुस्तक आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. नुसती सनावळी न देता इतिहास लिहिला कसा जातो, इथपासून ते सुरू होतं. पहिल्याच धड्यात व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. पुढे ‘उपयोजित इतिहास’ नावाचा वेगळा धडाच आहे. पंधरा वर्षांच्या मुलासमोर एवढं ठेवायला धाडस लागतं. पण धडा संपतो आणि स्वाध्याय सुरू होतो. तिथं काय, तर योग्य पर्याय निवडा : आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण? अमुक ग्रंथ कुणी लिहिला? मग चुकीची जोडी ओळखा, त्यात देकार्तच्या ग्रंथापुढे मार्क्सचं नाव.

ज्या फुकोनं आयुष्यभर हा विचार केला की ज्ञान कुणाच्या हातात असतं आणि परीक्षा, तुरुंग, दवाखाने माणसाला कसे घडवतात, त्या फुकोला आपण रिकाम्या जागेत बसवला! आणि पोरं ते पाठ करतात, बरोबर लिहितात. पुस्तक एक सांगतं, स्वाध्याय दुसरंच मागतो. मुलं हुशार असतात, त्यांना पहिल्या चाचणीतच कळतं की दोघांपैकी कुणाचं ऐकायचं. धडा मग वाचलाच जात नाही, गाइड वाचलं जातं.

आता ‘कमी माहीत असलेला’ या शब्दांकडे येऊ. कुणाला कमी माहीत? झांझिबार हे झांझिबारच्या माणसाला कमी माहीत नाही. इंदापूर इंदापूरकराला कमी माहीत नाही, निदान तसं आपण मानतो. म्हणजे हे विशेषण त्या घटनेचं नाही, ते विचारणाऱ्याचं आहे. तो कुठं उभा आहे, हे त्यातून कळतं. आपण इथं इंदापुरात उभे आहोत. तर इथूनच एक पेपर काढून बघू. आमची एकच अट आहे : तालुक्याच्या फार बाहेर जायचं नाही, आणि तरी प्रश्न जगाच्या इतिहासाचा असला पाहिजे.

सुरुवात गढीपासून. मालोजीराजांची गढी आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. शहाजीराजांचे वडील, छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा. इंदापूरच्या लढाईत ते पडले, अशी परंपरा आहे. साल? कुणी १६०६ देतं, तर कुणी त्यानंतर पुष्कळ पुढचं देतं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. आणि नेमका हाच प्रश्न चार पर्याय देऊन विचारला जातो! एकमत नसलेल्या गोष्टीला एकच बरोबर उत्तर ठरवून टाकायचं, मग उत्तरतालिकेवर हरकती मागवायच्या. त्याऐवजी दोन मतं मुलांसमोर ठेवून, कोणत्या पुराव्यावर कोणतं मत उभं आहे, हे विचारलं तर किती बरं होईल.

पण गढीचा खरा जागतिक प्रश्न वेगळाच आहे. मालोजीराजे ज्या निजामशाहीच्या चाकरीत होते, ती त्या काळात कुणाच्या जोरावर उभी होती? मलिक अंबरच्या. आणि मलिक अंबर कोण? सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात जन्मलेला पोरगा, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. लाल समुद्रावरच्या मोखा बंदरात, बगदादमध्ये, असा हातोहात विकत विकत दख्खनला आला. इथं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. हा चंगेजखान स्वतःही हबशीच होता. धनी वारल्यावर अंबर सुटा झाला, फौज जमवली आणि अखेर एका राज्याचा कारभारी बनला. खडकी शहर त्यानं वसवलं, तेच पुढं औरंगाबाद झालं. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्यानं मोडल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते, आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. १६२६ मध्ये अंबर वारला. जहांगीर त्याला जिवंतपणी हरवू शकला नाही. म्हणून मग दरबारी चित्रकार अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं : बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण सोडतोय. ते चित्र आज डब्लिनला, चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. रणात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं, असं म्हणायचं.

आता बघा. १६१९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात गुलाम केलेल्या आफ्रिकनांची पहिली नोंदलेली तुकडी उतरवली गेली. अमेरिकेचा इतिहास शिकवताना हे साल हमखास येतं. त्याच साली दख्खनमध्ये एक आफ्रिकन, पूर्वीचा गुलाम, मोगलांशी राज्यकर्ता म्हणून लढत होता. दोन्हीकडे माणूस विकला गेला होता. मग एकीकडे त्याच्या नातवंडा-पतवंडांनाही गुलामीच वारशानं मिळाली आणि दुसरीकडे तोच माणूस सरदारांना पदं वाटत होता, हे कसं? अटलांटिकच्या मळ्यांवरची गुलामी आणि हिंदी महासागराच्या दरबारांतली, फौजांतली गुलामी यांत फरक काय? हा आमच्या पेपरातला पहिला प्रश्न. याचं उत्तर लिहिताना जो मुलगा ‘आपल्याकडची गुलामी चांगली होती’ असं लिहील, त्याचे गुण आम्ही कापू. लहान पोराला आईबापांपासून तोडून बाजारात विकणं दोन्हीकडे सारखंच होतं.

आणि एक बाजूची गोष्ट, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे मलिक अंबर अजूनही ‘कुणाचा’ हे ठरत नाही. मराठ्यांच्या इतिहासात तो पाहुणा, मुसलमानांच्या इतिहासात हबशी, आफ्रिकेच्या इतिहासात परदेशी गेलेला. जमीन मोजून धारा ठरवायची त्याची पद्धत मात्र खेड्यापाड्यांत ‘मलिकंबरी’ म्हणून पुढं कैक पिढ्या बोलली गेली.

जमिनीच्या मोजणीवर आलोच आहोत तर आमच्या पेपरातला सगळ्यात मोठा, म्हणजे आमच्या मते वीस गुणांचा प्रश्न तिथंच आहे. तो असा की लंडनमध्ये १८१७ साली छापलेल्या एका अर्थशास्त्राच्या पुस्तकामुळे इंदापूरची रानं पड कशी पडली?

पुस्तक डेव्हिड रिकार्डोचं. त्यातला खंडाचा सिद्धांत आपल्या भाषेत सांगतो. दोन रानं धरा. एक बरड, माळाचं. त्यात बी, बैल, मजुरी घातली की पिकातून तेवढाच खर्च जेमतेम निघतो. दुसरं काळं, खोल. तेवढ्याच खर्चात जास्त पिकतं. हा जो वरचा फरक, त्याला रिकार्डो खंड म्हणतो. तो कुणाच्या कष्टातून आलेला नाही, मातीच्या गुणातून आलाय. मग सरकारनं त्यातला वाटा घेतला तर कष्ट करणाऱ्याचं काही जात नाही, असा हिशेब. कागदावर फार देखणा आहे हा हिशेब. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये बसलेल्या जेम्स मिलला तो पटला होता. हे मिलसाहेब हिंदुस्थानात एकदाही न येता हिंदुस्थानचा इतिहास लिहिणारे गृहस्थ. कंपनीचे अधिकारी घडायचे हेलीबरीच्या कॉलेजात, तिथं अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता. त्याच कॉलेजचा एक हुशार विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल पुणे भागात आला आणि १८२०-३० च्या दशकात त्यानं इथल्या जमिनींची मोजणी करून, एकेका प्रतीच्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न काढून, त्याच्या पंचावन्न टक्के सारा ठरवला.

झालं काय? निव्वळ उत्पन्न काढायचं म्हणजे खर्च किती, भाव किती, सरासरी पीक किती, हे सगळं धरावं लागतं. इंदापुरात सरासरी पाऊस सरकारी तक्त्यात सापडतो, रानात तो सापडत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. खालच्या कारकुनांनी आणि गावकामगारांनी मोजणीत आपापले हात मारले. वरून धान्याचे भाव पडले. आकार मात्र ठरलेला. कुणब्यांनी रानं टाकली, काही शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेले.

१८३५ च्या सुमारास हेन्री गोल्डस्मिड हा तरुण अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर लेफ्टनंट यांनी नवी मोजणी सुरू केली, आणि ती सुरू केली इंदापूर तालुक्यातच. सिद्धांत बाजूला ठेवला. माती किती खोल आहे, तिच्यात खडे-चुनखडी आहे का, पाणी साचतं का, बाजार किती लांब, पाऊस कसा, आधी वसूल किती होत आला, हे बघून प्रतवारी आणि दर ठरवले. बैलजोडीला कसता येईल एवढा तुकडा म्हणजे एक नंबर. दर खाली आणले आणि तीस वर्षं बदलणार नाही असं सांगितलं. पड रानं पुन्हा लागवडीखाली आली. हीच पद्धत पुढं मुंबई इलाखाभर गेली. आज सातबाऱ्याच्या निमित्तानं ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द जेव्हा तोंडात येतो, तेव्हा त्याची सुरुवात आपल्याच शिवारात झालेली असते.

आता सांगा, हा प्रश्न जगाच्या इतिहासाचा आहे की इंदापूरचा? एरिक स्टोक्स यांनी इंग्लंडातल्या उपयुक्ततावादी विचारवंतांवर ग्रंथ लिहिला, त्यात हे प्रिंगल-विंगेट प्रकरण मोठ्या महत्त्वानं येतं. म्हणजे केंब्रिजच्या विद्यार्थ्याला इंदापूर माहीत असतं. इथल्या विद्यार्थ्याला रिकार्डो माहीत असतो, पण चार पर्यायांतला. दोघांची भेट होत नाही, कारण अभ्यासक्रमात रिकार्डो ‘अर्थशास्त्र’ या पेपरात, विंगेट ‘आधुनिक महाराष्ट्र’ या प्रकरणात आणि इंदापूर ‘भूगोल’ या नकाशात.

तिसरा प्रश्न बारामती तालुक्यातल्या सुप्याचा. हा तसा माहितीतला आहे. बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकात सुप्याचं नाव आहे. दिल्लीचा, केरळचा मुलगा ते वाचतो. १२ मे १८७५, बाजाराच्या ठिकाणी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले, जाळले. तिथून दंगा पुणे-नगर भागात पसरला. कारण म्हणून अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगितलं जातं, तेही बरोबर. १८६१ ला युद्ध सुरू झालं, अमेरिकेचा कापूस बंद झाला. १८६२ मध्ये ब्रिटनला गेलेल्या कापसातला फार मोठा वाटा हिंदुस्थानातून गेला. मुंबईत शेअरचा सट्टा पेटला, दख्खनमध्ये सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, मुंबईच्या कंपन्या बुडाल्या, सावकारांनी हात आखडला. त्याच सुमारास विंगेटची तीस वर्षं संपली. १८६७ मध्ये इंदापूरची फेरमोजणी होऊन सारा वाढला, मग आसपासच्या तालुक्यांतही. म्हणजे कर्ज मिळेना आणि सारा चढला, दोन्ही एकदम. शिवाय १८५९ च्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं केली होती. कुणब्याच्या भल्यासाठी केलेला कायदा, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा करून घेऊ लागले.

इथवर गाइडमध्येही असतं. मग आमचा प्रश्न काय? एक म्हणजे, दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानं दोष सावकारावर ठेवला आणि सरकारी साऱ्याला बाजूला सोडलं. सरकारनं नेमलेला आयोग सरकारबद्दल काय म्हणेल, याचा विचार करून तो अहवाल कसा वाचायचा? दुसरं, नील चार्ल्सवर्थ नावाच्या इतिहासकारानं १९७२ मध्ये एक लेख लिहिला, त्याचा सूर असा की या दंग्यांचं महत्त्व फार फुगवलं गेलंय, हे जवळजवळ एक मिथक आहे. सुप्याच्या भूमीवर हे वाचून राग येईल. यायला हरकत नाही. पण उत्तर रागानं द्यायचं नाही, पुराव्यानं द्यायचं. सुप्यातल्या मुलानं चार्ल्सवर्थला कसं उत्तर द्यावं? आम्ही म्हणू की १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा, आणि तो पुणे, सातारा, सोलापूर, नगर याच जिल्ह्यांना लावला गेला, इथून सुरुवात करावी. मिथकाच्या भीतीनं सरकार कायदा करत नाही. अर्थात चार्ल्सवर्थच्या बाजूनं कुणी म्हणेल की सरकारं मिथकांनाच जास्त घाबरतात. म्हणू दे. वाद तरी होईल.

आणि तिसरी गोष्ट, ती आम्हाला सगळ्यात जवळची वाटते. त्याच अमेरिकन युद्धातून गुलामगिरी गेली. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. दोनच वर्षांनी सुप्यात वह्या जळाल्या. म्हणजे एकच युद्ध एकाच जिल्ह्यात दोन वाटांनी पोचलं, एक पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून आणि दुसरं सावकाराच्या वहीतून. पुढं १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्याच फुल्यांच्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या का? हा प्रश्न आम्ही आजवर एकाही पेपरात पाहिलेला नाही.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, बोलायला ठीक आहे, पण लाखो पेपर तपासणार कोण? हा आक्षेप आम्ही हलक्यानं घेत नाही. २०२२ मध्ये राज्य लोकसेवा आयोगानं मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं जाहीर केलं, तेव्हा २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर आली आणि बदल २०२५ पर्यंत पुढं गेला. तेव्हा काही जाणत्या लोकांनी नाकं मुरडली, की यांना पाठांतरच हवंय. आम्हाला ते पटलं नाही. दोन एकराच्या घरातली मुलगी चार वर्षं एका पद्धतीची तयारी करते, तिच्यासाठी पद्धत बदलणं म्हणजे आणखी दोन वर्षांचं खोलीभाडं आणि मेसचं बिल. शिवाय चार पर्यायांच्या पेपरात तपासणाऱ्याची मर्जी चालत नाही, अक्षर चालत नाही, आडनाव दिसत नाही. वर्णनात्मक पेपरात भाषेचा झगमगाट करणाऱ्या शहरी क्लासच्या पोराला फायदा होईल, ही भीती खोटी नाही.

पण मंडळी, चार पर्याय म्हणजे वाईट प्रश्न असं थोडंच आहे? हा बघा आमचा नमुना. १८३० ते १८३५ या काळात इंदापुरात रानं पड पडली, याचं स्पष्टीकरण खालीलपैकी कोणत्या कारणानं देता येणार नाही? पर्याय : धान्याचे पडलेले भाव, सदोष मोजणी, अमेरिकेतलं यादवी युद्ध, निव्वळ उत्पन्नावर लावलेला चढा आकार. उत्तर यादवी युद्ध, कारण ते पंचवीस-तीस वर्षं पुढं आहे. यात एकही सन पाठ करावा लागत नाही. आधी काय, नंतर काय आणि कशामुळे काय, एवढं कळलं पाहिजे. मशीननं तपासता येतो. म्हणजे अडचण पर्यायांची नाही, प्रश्न काढणाऱ्याच्या आळसाची आहे. सन विचारायला एक मिनिट लागतं, असा प्रश्न रचायला अर्धा दिवस.

केंद्रीय लोकसेवा आयोगाचं या बाबतीत थोडं कौतुक करायला हवं. २०१३ पासून मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास आला. २०१६ ला त्यांनी पश्चिम आफ्रिकेतले वसाहतविरोधी लढे पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या नव्या वर्गानं चालवले, हे विधान तपासायला दिलं. २०१७ ला मलाय द्वीपकल्पातल्या निर्वसाहतीकरणाच्या अडचणी विचारल्या, तेव्हा क्लासवाल्यांची पळापळ झाली होती, नोट्समध्ये मलायाच नव्हता! पण आमच्या मते पश्चिम आफ्रिकेचा प्रश्न मराठी मुलाला अवघड जायला नको. इंग्रजी शिकलेल्या वर्गानं चळवळ चालवावी आणि खेड्यातला माणूस त्यात कुठं आहे असा प्रश्न कुणीतरी विचारावा, हा वाद पुण्यात सार्वजनिक सभा आणि फुले यांच्या काळात झालेला आहे. घानाच्या आधी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं. पण हे त्याला सांगतं कोण? त्याच्या एका वहीत पश्चिम आफ्रिका आणि दुसऱ्या वहीत फुले. आणि दोन्ही वह्यांचे क्लास वेगळे, फी वेगळी.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. सभागृहात शिक्षक बरेच दिसतायत. निरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, उजनीचं धरण १९८० ला पूर्ण झालं आणि पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं. भिगवणला आता रोहित पक्षी येतात, ते बघायला गाड्या येतात. या तीन गोष्टींवर प्रत्येकानं एकेक प्रश्न रचून आणायचा. प्रश्न इथलाच असावा, पण तो सोडवायला नाइल किंवा टेनेसीच्या खोऱ्यात जावं लागलं पाहिजे. सन विचारायचा नाही. पुढच्या व्याख्यानाच्या आधी इथंच टेबलावर ठेवा, नाव नाही घातलं तरी चालेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाजूला माइक फिरवा जरा.